घरापुरता भूकंप

आमच्या गावात जमीन हादरली की बायका आधी मडक्यांच्या उतरंडीला हात लावायच्या आणि मग विचारायच्या, आज कोणाच्या विहिरीवर बार होता? उन्हाळा लागला की शिवारात कुठे ना कुठे विहीर खोदणं चालूच असायचं. वर माती, खाली मुरूम आणि त्याच्या खाली तो काळा दगड, ज्याच्यावर पहार मारली की पहारच वाकायची. मग सुरुंग लावायचे. मजूर जेवायला वर आले की भर दुपारी वात पेटवायची, एक जण बांधावर उभा राहून 'बार हाय, बार' असं ओरडायचा, आणि थोड्या वेळानं पोटात गुद्दा बसल्यासारखा आवाज यायचा. फळीवरच्या जर्मनच्या ताटल्या किणकिणायच्या, छताची चिमूटभर माती ताटात पडायची. माय ती भाकरीवरून फुंकून टाकायची आणि जेवण पुढे चालू व्हायचं. जालन्याच्या गल्लीत वाढलेली माझी मावशी पहिल्यांदा असा बार ऐकून खरकट्या हातानं उंबऱ्याबाहेर पळाली होती. पुढं तिची नातवंडं झाली तरी आम्ही तिला त्यावरून चिडवत होतो.

माळवद म्हणजे काय, हे आता माझ्या नातीला सांगावं लागतं. ती शहरात सातव्या मजल्यावर राहते आणि तिला वाटतं माती पायाखाली असते. आमच्याकडे ती डोक्यावरही असायची. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, त्यांवर लाकडाच्या तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या, आणि लिंबाचा पाला, आणि या सगळ्यावर मातीचा थर. उजेड यावा, धूर जावा म्हणून मधोमध एक भोक ठेवलेलं असायचं, त्याला साणं म्हणायचे. पावसात त्यावर पत्र्याचा तुकडा सरकवायचा. वैशाखाच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की जो गारवा अंगाला लागायचा, त्याची सर माझ्या आताच्या अंबडच्या स्लॅबच्या घराला नाही, पंखा लावा नाहीतर कूलर लावा. मात्र माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात गावाबाहेरच्या पांढरीची, म्हणजे जुन्या ओसाड गावठाणाची, चिकट माती आणून वर पसरायची, पाणी शिंपडायचं आणि चोपणं नावाच्या लाकडी बडग्यानं ती बडवून काढायची. धप्प, धप्प असा तो आवाज गल्लीगल्लीतून यायचा. जुना थर कोणी काढत नसे. नवा जुन्यावर बसायचा. जुना का काढत नाही, असं विचारणारा माणूस मी लहानपणी पाहिला नाही.

आमच्या वस्तीतलं पहिलं माळवद माझ्या वडिलांचं, अण्णांचं. त्याआधी सगळी गवतापाल्याची छपरं होती. अण्णा लहान असताना एका वावटळीत त्यांच्या बापाचं छप्पर उचलून गेलं, आणि ते पाटलाच्या मळ्यात जाऊन पडलं. ते परत मागायला त्यांचा बाप हात जोडून मळ्याच्या कडेला उभा होता, हे अण्णांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेले, आणि मी जन्मायच्या आधी भिंती उभ्या केल्या. तुळया अंबडहून बैलगाडीत आणल्या. ज्या दिवशी वर माती पडली, त्या दिवशी म्हणे ते जेवण झाल्यावर माळवदावर चढले आणि नुसते उड्या मारत राहिले. "घराला वजन पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. "वजन असलं की कोणी उचलून न्हेत न्हाई. वारं बी न्हाई आन् माणूस बी न्हाई."

त्यामुळं आमच्या माळवदाची जी चाकरी व्हायची ती पाटलाच्या घराचीही होत नसेल. दुसरे दोन पाट्या माती टाकत तिथं अण्णा गाडीभर टाकायचे. दरवर्षी एप्रिलात जयंती आली की तुळयांना हिरवा ऑइलपेंट, भिंतींना चुना, दाराला निळ्या रंगाची चौकट. वर निळा झेंडा लागायचा, आणि मिरवणूक निघाली की वस्तीतली निम्मी पोरं आमच्या माळवदावर चढून ती बघायची. एरवी तिथंच मायच्या कुरडया वाळत पडायच्या. मी पुस्तक घेऊन राखण करायची आणि कावळ्यांपेक्षा जास्त कुरडया मीच ओल्याच खायची. मायच्या हातची येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि वरून चिमूटभर माती, असं माझं बालपण गेलं. ते वाईट होतं असं मी बिलकुल म्हणणार नाही.

मी डी.एड. करून आले आणि नशिबानं आमच्याच गावच्या शाळेत मला नोकरी लागली. थोरली बहीण सासरी गेलेली, घरात आम्ही तिघंच. शाळा पत्र्याची होती, घरापासून ओढा ओलांडला की आलीच. मला सातवीचा भूगोल दिला. मी विशीतली, वेणी घालणारी पोरगी, आणि वर्गात माझ्याएवढ्या उंचीची मुलं. मुख्याध्यापकांना सगळं गाव मोठे गुरुजी म्हणायचं. ते गावातच राहायचे, प्रेमळ होते आणि भित्रे होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, पुस्तकात हाय तेवढं शिकवा. पुस्तकाच्या भायेर गेलं की गाव येतं."

त्याच्या थोडं आधी खाली दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत मोठा भूकंप होऊन गेला होता. गावंच्या गावं झोपेत गाडली गेली होती. आमच्याकडून धान्य गेलं, कपडे गेले, रेडिओभोवती माणसं बसून राहिली आणि मग हळूहळू आपापल्या कामाला लागली. ते तिकडचं होतं. मग त्या हिवाळ्यात एका सकाळी आमची प्रार्थना चालू असताना शाळेचे पत्रे थडथडले. झेंड्याची दोरी खांबावर आपटायला लागली. मुलांनी प्रार्थना थांबवलीसुद्धा नाही. संपल्यावर एक जण सहज म्हणाला, "बार उडाला." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. तेव्हा ओळीच्या टोकाला उभी असलेली कौसल्या नावाची मुलगी म्हणाली, "बाई, आता तर विहिरी भरेल हायत. पाण्यात बार कोण उडवून राह्यलं?"

एवढी साधी गोष्ट. शिवारात एकाही विहिरीवर काम चालू नव्हतं, हे त्या मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी जमीन हादरली तर आम्ही सगळ्यांनी एका सुरात बार म्हटलं, कारण आम्हाला दुसरा शब्दच येत नव्हता. संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की मराठवाड्यात काही ठिकाणी सौम्य धक्का जाणवला. माय म्हणाली, "हा का भूकंप? ह्येच्यापेक्षा तर विहिरीचा बार भारी." आणि तिनं भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी मी धड्याचा क्रम मोडून भूकंप शिकवायला घेतला. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली तर मुलं नुसती बघत बसली. कोणी म्हणालं शेष कूस बदलतो, कोणी म्हणालं बोअरवेल मारून मारून जमीन पोकळ झाली. मग मी वर्गामागच्या काट्याकुट्यांतून तुराट्या आणल्या आणि प्रत्येकाच्या हातात एक दिली. दोन्ही टोकं धरा, म्हटलं, आणि हळूहळू वाकवा. अजून. अजून. काय होतंय? काही न्हाई बाई. अजून. आणि मग सगळ्या वर्गात फटाफट तुराट्या मोडल्या, दोन-तीन मुलांनी बोटं झटकली. बोटाला झिणझिण्या आल्या ना, तोच भूकंप, असं मी सांगितलं. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो त्याच्या खाली, फार खोल, खडकांचे देशाएवढे तुकडे एकमेकांना रेटत असतात. कडा अडकून बसतात. वर्षानुवर्षं काहीच होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं शांत आहे. पण वाकणं चालूच असतं. एक दिवस अडकलेलं सुटतं, मोडतं, सरकतं, आणि त्या झिणझिण्या जमिनीतून चहूकडे पसरतात. एवढ्यावर थांबायला हवं होतं, असं मोठे गुरुजी नंतर म्हणाले. पण कौसल्यानं विचारलं, "मंग तिकडली माणसं झिणझिण्यानं मेली का?"

नाही, म्हटलं, जमिनीनं कोणाला मारलं नाही. अंगावर जे पडलं त्यानं मारलं. दगड आणि माती. पत्र्यावर होल्याच्या पायांचा आवाज आला. सगळ्यांनी एकाच वेळी वर बघितलं, आणि वर नुसता पत्रा होता. तेवढ्यात एकानं विचारलं, "बाई, आमच्या घरावर किती माती हाय, ते कसं कळंल?" ते कळणं फार सोपं होतं. साण्यातून हात घालायचा. भोकाच्या कडेला मातीचे सगळे थर उघडे दिसतात, दरवर्षीचा एक, पापुद्र्यासारखे एकावर एक. वितीनं मोजून या, असं मी सांगून बसले.

ती मापं ऐकताना मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. दोन विती, अडीच विती, एक मुलगा म्हणाला हातभर. आणि मुलं ते अभिमानानं सांगत होती. जितका कष्टाळू बाप, तितकी माती जास्त. ज्या घरचा माणूस आळशी, दारूत गेलेला, त्याचं माळवद गळकं पण हलकं. गावात ज्यांना चांगली घरं म्हणत, तीच घरं सगळ्यात वाईट निघाली. कौसल्याची पाळी आली तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "आमचं छप्परच हाय बाई. माती न्हाई." मी म्हटलं, "मग भूकंप आला तर सगळ्या वर्गात तू सुखरूप." तिनं आधी मान वर केली, मग माझ्याकडं बघितलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तिच्या बाकावरच्या मुलीनं सरकून तिला जास्त जागा दिली.

"बाई, तुमच्या घरी किती?" तिनंच विचारलं.

मी घरी जाऊन शिडी लावली. माय चुलीपाशी होती, तिला वाटलं मी साण्यातलं जाळं काढतेय. मी विती मोजत गेले आणि शेवटी मोजायचं सोडून दिलं. माझा अख्खा हात खांद्यापर्यंत त्या भोकात गेला तरी वरच्या कडेला बोटं पोचेनात. शिडीवरून मी खाली बघितलं. माझं अंथरूण, मायची उतरंड, अण्णांची बाज. एवढी वर्षं आम्ही ज्याच्या खाली गार झोपलो ते काय होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. आजही कोणाच्या घरी गेले की मी आधी वर बघते. सुनेला ते आवडत नाही, तिला वाटतं मी जळमटं शोधते.

आठवड्याभरात गाव शाळेत आलं. पोरं घरात झोपेनात, अंगणात अंथरूण टाकतात, थंडीनं खोकतात, बाई लेकरांला भेडसावून राह्यली. मोठ्या गुरुजींनी मला खोलीत बोलावून चहा पाजला. "भूकंपाचा धडा शिकवा ना बाई," ते कळवळून म्हणाले. "घराचा धडा कामून शिकवता? तो पुस्तकात हाय का?" त्यांच्या स्वतःच्या घराचं माप त्यांच्या मुलीनंच वर्गात सांगितलं होतं, आणि ते बरंच होतं.

अण्णांच्या कानावर हे सगळं गेलं होतं, पण ते गप्प होते. बोलले ते पार उन्हाळा लागल्यावर. एरवी वैशाखात पडणारी माती त्या वर्षी त्यांनी चैत्रातच आणून दारात ओतली, ढीगच्या ढीग. जयंतीच्या आत माळवद झालं पाहिजे, म्हणाले. तो माझ्यावरचा राग होता, हे मायलाही कळलं. मी दारात आडवी उभी राहिले.

"अण्णा, यंदा माती टाकू नका. उलट जुनी काढा. म्या हात घालून बघितलंय."

"म्या बी बघितलंय. म्याच टाकली ती."

"वरून लई वजन झालंय. एक धक्का आला तर..."

"आल्ता की धक्का. काय झालं?" त्यांनी पाटी उचलून डोक्यावर घेतली. "माझ्या बापाच्या घराला वजन नव्हतं. ते पाटलाच्या मळ्यात जाऊन पडलं. माझा बाप चपला काढून हात जोडून उभा राह्यला, सोताचंच छप्पर मागायला. तू तव्हा नव्हती. तू पोरांला शिकव, बराबर शिकव. मला नको शिकवू."

मी मायकडं बघितलं. ती म्हणाली, "जाऊ दे, सुमन. त्येंचं घर हाय." मी बाजूला झाले. काय करणार होते मी? ज्या माणसानं खडी फोडून मला शिकवलं, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुम्ही आयुष्यभर आमच्या डोक्यावर जे रचलं ते ओझं आहे? त्या रात्री मी अंगणात झोपले, माय माझ्याजवळ येऊन झोपली, आणि अण्णा आत बाजेवर झोपले. दार त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं होतं, आम्हाला दिसावं म्हणून.

सकाळची शाळा होती. जयंती दोन-तीन दिवसांवर आलेली, मुलांचं लक्ष नव्हतं. परीक्षेची उजळणी म्हणून मी पुन्हा भूकंपच घेतला होता. ओढ्यापलीकडून अण्णांच्या चोपण्याचा धप्प धप्प आवाज वर्गापर्यंत येत होता, आणि तो मुद्दाम जोरात येतोय असं मला वाटत होतं. भूकंप कशामुळे होतो, मी विचारलं. कौसल्या उभी राहून घडाघडा सांगत होती, खडकाचे तुकडे एकमेकाला रेटतेत, कडा अडकतेत. तेवढ्यात तो आवाज आला. पोटात गुद्दा बसल्यासारखा, एकच. खिडकीचं दार हललं. "बार," दोघं-तिघं म्हणाले. "आज जल्दी उडवला," कोणीतरी म्हणालं. उन्हाळा होता, विहिरींची कामं चालू होती, शंका घ्यायला जागाच नव्हती. मी कौसल्याला म्हटलं, पुढं सांग. तिनं पुढं सांगितलं. मी तिला शाबासकी दिली. चोपण्याचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात आलं. वाटलं, अण्णा पाणी प्यायला उतरले असतील.

शाळा सुटल्यावर मी ओढा ओलांडला. वाटेत कोणी काही बोललं नाही, दारात बायका शेवया वळत होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर लिंबाच्या झाडाची पानं पांढरी झालेली. झाडाखाली माय बसली होती, मांडीवर सूप, सुपात गहू. ती गव्हातले खडे वेचून बाजूला टाकत होती. तिचे केस, पापण्या, सूप, सगळं धुळीनं पांढरं झालं होतं आणि ती खडे वेचत होती. तिच्या पाठीमागं आमचं घर नव्हतं. चार भिंती होत्या आणि त्यांच्या मधे मातीचा ढीग होता, आणि ढिगावर कडक ऊन पडलं होतं. आमच्या घरात ऊन मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. "माय," मी म्हटलं, "अण्णा कुठं हायत?" तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं सुपातला एक खडा उचलून माझ्या हातात दिला.

मी किंचाळले तेव्हा कुठं गल्ली धावून आली. एवढा वेळ कोणी आलं नव्हतं, कारण सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता आणि सगळ्यांनी उतरंडीला हात लावून आपलं काम चालू ठेवलं होतं. शेजारच्या भिंतीला लागून असलेल्या घरातली म्हातारी हात जोडून सारखं तेच म्हणत होती, "मला वाटलं बार हाय, मला वाटलं बार हाय." मी तिला काय बोलू? मी तर फळ्यासमोर उभी राहून ऐकला होता.

अण्णा माळवदाबरोबर खाली आले होते. वर होते म्हणून वाचले. खाली असते तर माती उपसायचीही घाई नव्हती. कमरेपर्यंत ते ढिगात रुतले होते, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे उघडे. मी हातानं माती ओढायला लागले तर ते हळू आवाजात म्हणाले, "सुमे, चोपणं बघ कुठं गेलं." कौसल्याचा बाप, पाटलाचा गडी, मोठे गुरुजी सदऱ्याच्या बाह्या सारून, सगळे पाट्यांनी माती काढत होते. मधली तुळई अण्णांच्या पायावर आडवी पडली होती. ती उचलायला चौघं वाकले आणि तिचं टोक त्यांच्या हातात पिठासारखं फुटलं. आतून सगळी वाळवीनं खाल्लेली होती. बाहेरून दरवर्षीचा हिरवा ऑइलपेंट तेवढा उरला होता, चकचकीत, थरावर थर. अण्णांनी ते बघितलं. पाय मोडल्यावर जो माणूस हुं की चूं करत नव्हता, तो त्या रंगाच्या पोकळ सालीकडं बघून लहान लेकरासारखा ओठ काढून रडायला लागला.

अंबडच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमधे टांगून त्यांना दोन दिवस झाले होते. त्यांनी एकदम मला विचारलं, "जयंती कधी हाय?" मी म्हटलं, उद्या. ते छताकडं बघत राहिले. तेव्हा मलाही ते दिसलं, आणि मी कॉटच्या कडेला बसले. उद्या त्या माळवदावर वस्तीतली निम्मी पोरं असती. माझी सातवी असती. कौसल्या असती, जिला मी भूकंपात तू सुखरूप असं सांगितलं होतं. ती मिरवणूक बघायला आमच्याच माळवदावर दरवर्षी चढायची. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो, पण दोघांना तेच दिसत होतं. अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुपारी गावची माणसं भेटायला आली. मोठ्या गुरुजींनी विचारलं, "कसं झालं हो अण्णा एकदम?" आणि अण्णा स्वच्छ आवाजात म्हणाले, "भूकंप झाला."

"वर उभा व्हतो, पायाखाली हाललं," अण्णा म्हणाले. "बराबर जाणवलं मला. सुमन शिकवती तसंच. आधी कायच न्हाई, आन् मंग एकदम." गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. रेडिओनं काही सांगितलं नव्हतं, शेजारचं एक मडकं फुटलं नव्हतं. मी भूगोलाची शिक्षिका. मायनं अण्णांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "मोठा धक्का व्हता."

सुट्टी लागायच्या आधीच्या शेवटच्या तासाला कौसल्या उभी राहिली. तोवर ती गोष्ट गावभर झाली होती. "बाई, अण्णा म्हणतेत भूकंप झाला. आम्ही तर हितंच व्हतो. तुम्ही बी व्हता. खरंच झाल्ता का?" सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. त्यांना मीच शिकवलं होतं, जे डोळ्यांना दिसतं ते वितीनं मोजा म्हणून. माझ्यासमोर ती पोकळ हिरवी साल आली आणि बाजेवर मुद्दाम दार उघडं टाकून झोपलेला माणूस आला.

"झाला होता," मी म्हटलं.

"मंग आम्हाला कामून न्हाई कळला?"

"लहान होता. आमच्या घरापुरता."

ती उभीच राहिली. तिला कळलं होतं. मुलांना कळतं तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला पुढच्या सगळ्या वर्षांत ओळखू यायला लागलं. मग ती हळूच म्हणाली, "तसा दुसऱ्याच्या घरापुरता बी होऊ शकतो का, बाई?" मी म्हटलं, होऊ शकतो. ती खाली बसली. त्या दिवशी घंटा झाल्यावर कोणी ओरडत पळालं नाही.

अण्णांना गावी आणलं तेव्हा त्यांची बाज लिंबाखालीच टाकली. मागं आमच्या भिंतींवर पत्रे चढत होते. त्यांच्याकडं बघायला लागू नये म्हणून अण्णा रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे. "तुह्या माळवदावर किती माती हाय रे? उतरव जल्दी. भूकंप सांगून येत न्हाई. मला ईच्यार." मी हिवाळाभर घसा कोरडा करून जे सांगितलं त्याला लोकांनी शाळेत येऊन तक्रार केली, आणि मोडका पाय पुढं ठेवून बसलेल्या या माणसाचं त्यांनी मुकाट ऐकलं. पहिली पाटी मोठ्या गुरुजींच्या माळवदावरून खाली आली. मग पाटलाच्या. त्या उन्हाळ्यात चोपण्याचा आवाज गावात कुठंच नव्हता, फावड्यांचा होता, आणि पांढरीवर पुन्हा मातीचे ढीग पडले. किती घरांच्या तुळया पोकळ निघाल्या ते मी मोजलं नाही. निघाल्या.

अण्णा जाऊन आता खूप वर्षं झाली. अखेरपर्यंत ते त्या भूकंपाबद्दल सांगत राहिले आणि दरवेळी तो थोडा मोठा होत गेला. मध्यंतरी आमच्या भागात खराच एक हलका धक्का बसला, नातीनं सातव्या मजल्यावरून फोन केला, "आजी, झोपाळा आपोआप हलला." मी तिला तुराटीची गोष्ट सांगितली आणि मग पणजोबांची सांगितली. ती म्हणाली, "पण आजी, तेव्हा भूकंप झालाच नव्हता ना? मग कोणी त्यांना सांगितलं का नाही?" तो झाला नव्हता, हे गावात लहान लेकरालाही माहीत होतं. पण ते त्यांना शेवटपर्यंत कोणी म्हणालं नाही.